ड्रायरमधले बूट

ऑर्विनने चीजच्या तुकड्यात गोळी खुपसली आणि तुकडा कुत्र्याच्या, कॅप्टनच्या, नाकापुढे धरला. कॅप्टनने चीज चाटूनपुसून खाल्लं, गोळी तेवढी फरशीवर काढून ठेवली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"शहाणाच आहेस," ऑर्विन म्हणाला. "मार्लिसने दिली की बरी गिळतोस मुकाट्यानं."

मार्लिस, त्याची बायको, महिन्यापूर्वी मागच्या पायरीवरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता शेजारच्या गावातल्या शुश्रूषागृहात ती वॉकर धरून चालायला शिकत होती. तिथूनही तिची सूत्रं हलत होतीच. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी घरात कॅप्टनपाशी बसायला तिने आपल्या बहिणीला, आयनेझला सांगून ठेवलं होतं. कुत्रं गोळी घेऊन गाढ झोपतं, मग त्याला सोबत कशाला, हे ऑर्विनला कळलं नव्हतं. आयनेझचा फोन आला, नातवाला ताप आहे, जमणार नाही, तेव्हाही तो म्हणाला, "काही बिघडत नाही."

त्याच्या डोक्यात तराफा होता. गावाचं दारूकाम इतकी वर्षं तोच पेटवत आला होता. तळ्याच्या मधोमध तराफ्यावर उभं राहायचं, एकेक वात पेटवायची, आणि शेवटचा सोनेरी गोळा विझला की काठावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायचे. टाळ्या एवढ्या लांब पोहोचत नाहीत, म्हणून गाव हॉर्न वाजवतं. त्या गदारोळात त्याला मार्लिसचा हॉर्न बरोबर कळायचा. दोन छोटे, एक लांब. बाकी अख्ख्या गावाने तोंड फिरवलं असतं तरी त्याला तो एक पुरला असता. घरी आला की ती विचारायची, "ऐकलास का?" आणि कुठला गोळा कसा फुटला ते रंगवून सांगायची.

गोळी त्याने या खेपेला लोण्यात घोळवली आणि थेट घशात सरकवली. मग किल्ल्या उचलल्या. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

नाव कॅप्टन, पण असा लटपटला की पंजे फरशीवर वाजायला लागले. शेपूट पोटाशी घालून तो तळघराच्या जिन्याने खाली पळाला आणि कपडे धुण्याच्या खोलीचं दार ओरबाडायला लागला. दाराचा खालचा रंग पूर्वीच खरवडून गेलेला होता. ऑर्विन किल्ल्या हातात घेऊनच खाली गेला आणि दार उघडलं.

या खोलीत त्याचं काही काम नसे. खिडकीवर जाड गोधडी ठोकलेली होती. कपडे वाळवायच्या ड्रायरला लागून जुनं अंथरूण, शेजारी जेवणाच्या टेबलाची जुनी खुर्ची, तिच्यावर बसून बसून चपटी झालेली उशी. फळीवर कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा. आणि ड्रायरवर त्याचे स्वतःचे कामाचे जुने बूट, स्वच्छ धुतलेले. ते तिने केव्हाच टाकून दिले, अशी त्याची समजूत होती.

कॅप्टन अंथरुणावर बसला. बुटांकडे पाहिलं, ड्रायरकडे पाहिलं आणि मग ऑर्विनकडे.

"काय? यात घालू?"

त्याने एक बूट आत टाकून ड्रायर सुरू केला. धप्प... धप्प. कॅप्टन थरथरतच राहिला. ऑर्विनने दुसराही टाकला. आता जो काही धडधडाट सुरू झाला, त्यात बाहेरचा आवाज बाहेरच राहिला. कॅप्टनने ड्रायरला पाठ टेकली आणि लांब श्वास सोडला.

दोन मिनिटं बसू, म्हणून ऑर्विन खुर्चीत टेकला. उठला तसा कुत्राही उठला; दात वाजत होते, जीभ बाहेर आली होती. याचं हृदय आता थकलंय, फार घाबरू देऊ नका, असं डॉक्टर हिवाळ्यातच म्हणाले होते. ऑर्विन दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला. मग त्याने रॉजरला फोन लावला. रॉजर तराफ्यावरचा त्याचा जोडीदार.

"आज तू पेटव."

"का रे? तूही पडलास की काय?"

"कुत्रं घाबरलंय."

"कुत्रं?"

"हो, कुत्रं. सोनेरी शेवटी लाव. घाई करू नकोस."

"पाच वर्षं तुझ्या मागे लागलोय," रॉजर म्हणाला, "आणि देतोस ते कुत्र्याच्या कृपेने. बरं बाबा."

अंधार पडल्यावर वर आभाळात काय काय झालं, ते ऑर्विनला दिसलं नाही. कधी कधी भिंत हादरायची, तेव्हा तो कॅप्टनच्या कानामागे खाजवायचा आणि एक बिस्किट द्यायचा. हेवा वाटला त्याला रॉजरचा, खोटं कशाला बोला. पण उशी बसायला बरी होती आणि कुत्र्याचं डोकं त्याच्या गुडघ्यावर होतं.

सगळं संपल्यावर रॉजरचा फोन आला.

"झक्कास झालं. सोनेरी तर पार पाण्याला टेकेपर्यंत टिकला. आणि काय रे, मार्लिस घरी आली आणि सांगितलंही नाहीस? तिचा हॉर्न ऐकला की आम्ही. दोन छोटे, एक लांब."

"मार्लिस तिकडेच आहे. गाडी इथे दारात आहे."

"मग चर्चपाशी डोलोरेस होती, तिने वाजवला असेल. दरवर्षी तिथूनच तर येतो तो आवाज."

ऑर्विनने फोन ठेवला. ड्रायर केव्हाच थांबला होता. डोलोरेस म्हणजे मार्लिसची जिवाभावाची मैत्रीण. तो त्या चपट्या उशीवर बसून राहिला. नऊ वर्षांपूर्वी कॅप्टन घरात आला होता. नऊ वर्षं मार्लिस या खुर्चीत होती आणि तिचा हॉर्न तळ्यावर. मग उठून त्याने ड्रायरमधले बूट काढले आणि होते तसे वर ठेवले.

सकाळी तो शुश्रूषागृहात गेला. मार्लिस खिडकीपाशी बसली होती.

"कसं झालं?"

"छान. सोनेरी पार पाण्यापर्यंत टिकला."

"वा. कॅप्टन झोपला ना?"

"झोपला. तुझा हॉर्न ऐकला."

तिची नजर त्याच्या पँटकडे गेली. गुडघ्यांवर पांढरे केस चिकटले होते. ती वाकली आणि एकेक केस वेचायला लागली.

"बूट किती घातलेस?" तिने मान वर न करता विचारलं.

"आधी एक. त्याला पटलं नाही."

"दोन लागतात."

"सांगायचं नाही होय मला?"

"सांगितलं असतं तर तराफ्यावरून उतरला असतास."

"उतरलोच शेवटी."

मार्लिसने वेचलेले केस मुठीत धरले.

"खालच्या खोलीत ते इस्त्रीचं टेबल आहे ना," ती म्हणाली, "ते हलवलं तर तिथे दोन खुर्च्या मावतील."