एनिडबाईंचा रुमाल आणि अर्धी पेनी

हॅलिफॅक्सच्या नाणे मंडळाचा एक नियम होता: ट्रे उघडा असताना तोंड बंद. बोलताना थुंकीचा एवढासा शिंतोडा नाण्यावर उडाला, तरी काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उमटतो, आणि तो मग जन्मभर जात नाही. म्हणून दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत आठ-दहा म्हातारी माणसे ओठ मिटून बसत आणि मखमलीचा ट्रे हातोहात फिरे. चहासुद्धा दूर, दाराजवळच्या टेबलावर.

त्या शनिवारी ट्रेमध्ये होती फुटकळ नाणी. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत कोणीतरी डबाभर देऊन टाकलेली. ट्रे समोर आला की हवे तर एक उचलायचे, नको तर पुढे सरकवायचा.

विल्फ अ‍ॅक्रॉइड, गिरणीतला निवृत्त फोरमन, फारशी आशा न ठेवता बसला होता. सव्वीस वर्षे तो व्हिक्टोरिया राणीच्या अर्ध्या पेनीची प्रूफ नाणी जमवत होता. प्रूफ म्हणजे खर्चायला नव्हे, टांकसाळीने आपला हात दाखवायला पाडलेली मोजकी नाणी. साचा घासूनपुसून लख्ख केलेला, ठसा इतका स्वच्छ की राणीच्या केसांची बट न् बट मोजावी. विल्फच्या कपाटात एकच खळगा रिकामा होता, १८६८ सालचा.

ट्रे त्याच्या उजवीकडे, शेजारच्या एनिड बॅरॅक्लॉबाईंसमोर आला आणि विल्फची नजर त्यात खिळली. मळकट नाण्यांच्या गर्दीत एक अर्धी पेनी होती. काठ धारदार. राणीच्या मागची सपाटी आरशासारखी, तिच्यात चक्क खिडकी दिसत होती! मळ होता तो फक्त सालावर, पण शेवटचे सहा आणि आठ त्यातूनही डोकावत होते. अडुसष्टच. देवा रे, अडुसष्टच!

त्याने झटकन छताकडे पाहिले. डावीकडे क्लिफर्ड सगडेन बसला होता, आणि त्या लबाडाला विल्फच्या भुवईवरून नाण्याची किंमत कळायची.

घाबरण्यासारखे काही नव्हते. एनिडबाई आज पहिल्यांदाच आल्या होत्या आणि ट्रे उघडण्याआधीच सांगून बसल्या होत्या, "मला राजे हवेत हं. राण्या नकोत. घरी सासूबाई होत्या तेवढ्या पुरे."

पण त्यांनी नेमकी तीच अर्धी पेनी उचलली. त्यांना साल वाचता येईना. बाईंनी बाहीतून रुमाल काढला, नातवाचे तोंड पुसायला धरतात तसे त्याचे टोक जिभेला लावले आणि नाण्याकडे नेले.

गप्प बसले तर नाणे मिळणार, पण त्या आरशावर कायमचे ओरखडे आणि काळे ठिपके उठणार. ओरडले तर नाणे वाचणार, पण गेलेच हातचे.

त्याने टोपी तोंडावर दाबली आणि तिच्यातच बोंब ठोकली, "नको! बाई, पुसू नका!"

खोली दचकली. कोणीतरी घाईने ट्रे झाकला. "विल्फ ओरडला?" सगडेन ताडकन उठला. "म्हणजे घबाड आहे! बाई, पन्नास पौंड देतो, आत्ताच्या आत्ता!"

"खाली बसा हो," एनिडबाई म्हणाल्या. "इतका वेळ साधं 'या, बसा' तरी म्हणालात का?" मग विल्फकडे वळल्या. "तुम्हाला हवं होतं हे?"

"सव्वीस वर्षं शोधतोय."

"अहो, मग गप्प बसायचं! मी परत ठेवणारच होते."

"पुसून ठेवलं असतंत."

बाईंनी रुमाल परत बाहीत खोचला. मग म्हणाल्या, "आता मात्र देणार नाही. कोणी एवढं ओरडावं अशी वस्तू माझ्याकडे आजवर नव्हती."

विल्फला लागले. खोटे कशाला सांगा, डोळ्यांत पाणीच आले. पण नाणे दिव्याखाली निष्कलंक चमकत होते, आणि ते बघून त्याला हसूही आवरेना.

अध्यक्ष हर्स्टनी बाईंना कागदाची गोल चकती दिली. प्रत्येक नाण्याखाली अशी चकती ठेवतात. तिच्यावर मालकांची नावे ओळीने लिहिलेली असतात, आणि नाणे कुठेही गेले तरी नावे त्याच्याबरोबर जातात.

"वर विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइड," पेनाचे टोपण काढत बाई म्हणाल्या. "खाली मी."

"पण ते माझं कधी नव्हतंच."

"होतं की. नुसतं गप्प बसायचं होतं तुम्ही."

तेवढ्यात पेन कागदाजवळ गेले आणि त्याने पुन्हा टोपी तोंडावर दाबली. "शाई नको! शाईनं डाग पडतो!"

सगडेनने मुकाट्याने आपली पेन्सिल पुढे केली. विल्फ टोपी तशीच धरून आपले नाव उमटताना बघत राहिला.