आयतु

नीलम्मांनी खिडकीजवळची जागा पाण्याच्या कॅनला दिली, मधे स्वतः बसल्या आणि उरलेल्या वीतभर बाकावर सुनेनं लेकरासकट बसावं म्हणून पदर आवरून घेतला. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि कॅनकडं बघत उभा राहिला.

"हे खाली ठिवा की मावशी."

"खाली लवंडतंय."

"मग मांडीवर घ्या. माणसं उभी हायत."

"मांडी नातीला लागती. ह्याचं तिकीट फाडा हवं तर," नीलम्मा म्हणाल्या. "अर्धंच फाडा. पाचचंच हाय."

मागच्या बाकावरची माणसं हसली. कंडक्टरही हसला आणि पुढं सरकला. सुनेचा, रुद्राणीचा, हात सवयीनं पिशवीतल्या वहीकडं गेला होता. तो तिनं तिथंच, लेकीच्या लंगोटांच्या घडीवर, गुपचूप ठेवून दिला.

उदगीर सोडताना चौकात फ्लेक्स लागला होता. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. खाली नेत्यांचे वीसेक चेहरे, उन्हानं फिकुटलेले. नीलम्मांनी तो वाचला. त्या वाचताना ओठ हलवत.

"मी जल्मले तवा आमचं गाव बिदर जिल्ह्यात होतं," त्या म्हणाल्या. "लगीन उस्मानाबाद जिल्ह्यात झालं. माझा इरूपाक्ष लातूर जिल्ह्यात झाला. समदं इथल्या इथं, पाच कोसात. आता उदगीर जिल्हा झाला की मरायला मोकळी."

रुद्राणीनं हसू दाबायला ओठ आवळले.

"लिही," नीलम्मा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "इसरशील."

रुद्राणीची कानशिलं तापली. आत्याबाईंना वही ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

रुद्राणी घरातले किस्से वहीत टिपते आणि कार्यक्रमात सांगून बायकांना हसवते, हे सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलं होतं. सून बायकांच्या कार्यक्रमात जाऊन दहा-पंधरा मिनिटं 'बोलून' येते, एवढंच नीलम्मांना सांगितलं होतं. बोलते काय, तर आरोग्य, बचत, असलं काहीतरी. एकदा नवऱ्याच्या, विरूपाक्षच्या, तोंडून स्टँडअप हा शब्द निसटला, तेव्हा नीलम्मांनी विचारलं होतं, "म्हंजे उभ्यानं बोलायचं? बसून बोललं तर ऐकत न्हाईत का?" पण सून बाहेर पडली की दीड वर्षाची गौरा नीलम्मांच्याच कडेवर असायची. ती कड नसती तर बोलणं उभ्यानंही झालं नसतं आणि बसूनही.

या वेळी मात्र त्या म्हणाल्या होत्या, मीबी येते. लेकरू तिथंच सांभाळीन. सकाळी स्टँडवर सोडताना विरूपाक्षनं बायकोला बाजूला घेतलं होतं. आईला तो अव्वा म्हणायचा.

"आज तेवढं आयतुचं नको. अव्वा समोर बसणारंय."

"त्येच्यासाठीच तर बोलवलंय मला."

"तिला वंगाळ वाटलं ना, तर तुझं सगळं बंद पडंल बघ. आपल्याच्यानं तिला काय म्हणता येईल?"

"नाही सांगणार," रुद्राणी म्हणाली होती.

आयतुचा किस्सा मोबाईलवर गावोगाव फिरला होता. रुद्राणी नायगावची, माहेरी सगळं मराठी. सासर लिंगायत तसं माहेरही लिंगायत, पण उदगीरच्या या घरात चुलीपाशी कानडी चालायची, आणि ते लग्न जमवताना कुणी बोललंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं सासूपुढं चहा ठेवला. सासूनं कपाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, "आयतु." रुद्राणीच्या मनात आलं, म्हणजे आयतोबाची बहीण. आयतं खाणारी. भाकरी थापल्या, आयतु. धुणं वाळत घातलं, आयतु. शब्द पुसून टाकायचा म्हणून ती सहा महिने राब राब राबली आणि मग शेजारच्या मल्लम्मानं तिला सांगितलं की अगं, कानडीत आयतु म्हणजे झालं. बरंय. ठीक.

एवढाच किस्सा. बायका डोळे पुसून हसायच्या.

एक आयतु मात्र तिनं कधी कुणाला सांगितलेला नव्हता. दवाखान्यात गौरा झाली, तेव्हा नर्सच्या हातातून लेकरू आधी नीलम्मांनी घेतलं होतं. कपाळाच्या भस्माचं बोट लेकराच्या कपाळाला टेकवलं आणि खाटेवरच्या रुद्राणीच्या केसांवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या होत्या, "आयतु." झालं. सुटलीस. त्या दिवशी तिला पहिल्यांदा ही बाई आपली वाटली होती.

लातुरात हळदीकुंकू एका मंगल कार्यालयात होतं. दुष्काळापायी मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागून आठवडा झाला होता आणि शहरात सगळे त्या गाडीविषयी माहेरच्या पाहुण्यासारखं बोलत होते. पत्रिकेत चैत्रगौरीच्या चित्राखाली छापलं होतं, येताना पिण्याचे पाणी सोबत आणावे. त्यामुळं दीडशे बायका भरजरी लुगड्यांत, काखेत बाटल्या मारून आल्या होत्या. पन्हं होतं, पण खोकल्याच्या औषधाच्या मापात.

नीलम्मा पहिल्या रांगेत बसल्या. मांडीवर गौरा, पायांत कॅन.

मंडळाच्या अध्यक्षा चांगुणाताई माईक हातात घेऊन म्हणाल्या, "आता येताहेत, तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेल्या, आयतुवाल्या रुद्राणीताई. आणि आपलं भाग्य बघा, आज खुद्द आयतुपण आल्यात. उठा ना सासूबाई, दिसू द्या सगळ्यांना."

दीडशे माना वळल्या. नीलम्मा उठल्या नाहीत. मांडीवरच्या लेकराचा फ्रॉक त्यांनी गुडघ्याखाली ओढून नीट केला.

रुद्राणीनं वही उघडलीच नाही. तिनं पत्रिकेवरच्या पाण्यापासून सुरुवात केली, मग कॅनचं अर्धं तिकीट सांगितलं, मग एकाच जागी बसून तीन जिल्हे फिरलेल्या बाईचं. बायका हसत होत्या. हसू येत होतं ते सगळं सकाळपासून आत्याबाईंनीच दिलेलं आहे, हे बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि एक वाक्य अडखळलं. तेवढ्या फटीतून मागून आवाज आला.

"आयतु सांगा की."

"आयतु, आयतु."

तिनं पहिल्या रांगेकडं बघितलं. नीलम्मा कॅनमधून बाटलीत पाणी ओतत होत्या, थेंब सांडू नये म्हणून जीभ दाताखाली धरून. वर बघत नव्हत्या. हो म्हणत नव्हत्या, नको म्हणत नव्हत्या. चांगुणाताई खुणावत होत्या.

रुद्राणीनं सांगितलं.

सभागृह हसून वाकलं. एका बाईनं हसता हसता शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. नीलम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईटही वाटल्यासारखं नव्हतं. हिशेब चुकलेला दिसत असावा आणि सांगावं की नाही ते ठरत नसावं, तसा काहीसा चेहरा होता. मग बायका हळदीकुंकू घेऊन त्यांच्याभोवती जमल्या.

"कशा हो तुम्ही, एवढी गुणाची सून आणि आयतु म्हणता?"

"म्हणते," नीलम्मा म्हणाल्या आणि द्रोणातली आंब्याची डाळ लेकराला चाटवू लागल्या.

परतीच्या गाडीत कॅन हलका झाला होता, तरी खिडकी त्यालाच मिळाली. गाडी नळेगावपर्यंत आली. दुपारच्या झळा आत येत होत्या. गौरा आजीच्या खांद्यावर झोपली होती.

"आत्याबाई," रुद्राणी शेवटी म्हणाली, "तुम्हाला वंगाळ वाटलं का?"

"कशाचं?"

"मी सांगितलं त्याचं."

"मला ठावं होतं. मल्लम्माच्या लेकीनं मोबाईलमधी दावलं होतं, संक्रातीलाच. म्हनलं एकदा समोर बसून ऐकावं, काय काय सांगतीय." नीलम्मांनी लेकराची मान सावरली. "चांगलं बोलतीस. हात लई हालवूलालीस, ते कमी कर."

रुद्राणीनं सुस्कारा सोडला. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटून ती हसली.

"पण ते चुकूलालंय तुझं," नीलम्मा म्हणाल्या.

"काय?"

"आयतुचं. समदं कानडी म्हणून सांगूलालीस. पयल्या पयल्यांदा मी मराठीतच म्हणत होते."

गाडी खड्ड्यात आदळली. कॅनमधलं पाणी डचमळलं.

"मराठीत?"

"तर काय. सात वाजूस्तर उठत नव्हतीस. पानी कोण भरून ठिवायचं? मी. तू उठायचीस आन् भरल्या घागरीतलं घेऊन च्या करायचीस. मग काय म्हणू? आमच्या घरात दोन्ही भाषा चालत्यात."

रुद्राणी त्यांच्याकडं बघत राहिली. थट्टा असेल तर ती तोंडावर कुठंतरी दिसायला हवी होती. नीलम्मांच्या तोंडावर घाम होता आणि पुसट झालेल्या भस्माच्या तीन रेघा होत्या, बाकी काही नव्हतं.

"मग कानडीत कधीपासून?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी, आत्याबाई?"

"तारीख कोण लिहून ठिवतंय? वही तुझ्याकडं हाय."

मागच्या बाकावर कुणीतरी टरबूज फोडलं होतं. त्याचा वास येत होता. रुद्राणी एकेक आयतु काढून बघू लागली. चहाचा मराठी. भाकरीचाही मराठी असणार. धुण्याचा? दिवाळीत माहेराहून परत आल्यावर दारातच म्हणाल्या होत्या तो? दोन ढीग करायला घ्यावेत आणि हातातलं पातळ कुठल्या ढिगात टाकावं ते कळू नये, तसं तिचं झालं. दवाखान्यातल्या आयतुपाशी आली तेव्हा ती थांबली. तो तिनं तसाच घडी करून ठेवला. विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात गौरा जागी झाली आणि पाणी मागू लागली.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. दारात मामंजी गुरुबसप्पा टँकरची वाट बघत रिकाम्या घागरी रांगेत मांडून बसले होते. विरूपाक्षनं दुकानातून दोनदा फोन केला होता. काय झालं, सांगितलं का, अव्वा काय म्हणाली? तिनं एवढंच सांगितलं, घरी आल्यावर बोलू. काय बोलणार होती ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात नीलम्मा कॅनमधलं उरलेलं पाणी माठात ओतत होत्या. कॅन उलटा धरून, तळाला चापट मारून, शेवटचा थेंब. रुद्राणी चौकटीला टेकून उभी राहिली. कडेवरची गौरा तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

"आत्याबाई."

"हं."

"चांगुणाताईंची बहीण नांदेडला असते. पुढल्या महिन्यात तिकडं बोलवलंय. दोन दिवसांचं आहे. गौराला सोडून जावं लागंल." तिनं लेकीच्या मुठीतून मंगळसूत्र सोडवलं. "जाऊ का?"

नीलम्मांनी माठावर झाकण ठेवलं. झाकणावर गडवा पालथा घातला. ओला हात वाया जाऊ नये म्हणून तो नातीच्या तोंडावरून फिरवला आणि सुनेकडं न बघता चुलीकडं वळल्या.

"आयतु," त्या म्हणाल्या.

रुद्राणी चौकटीतच उभी राहिली. कडेवरच्या लेकीनं तिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि तोच शब्द, तिच्या बोबड्या उच्चारात, पुन्हा एकदा म्हटला.