"झालं" म्हणेपर्यंत

नवऱ्याने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "दोघांना घेऊन डायनासोरच्या प्रदर्शनाला एकटी जाऊ नकोस, झेपायचं नाही." मी फणकारले, "दिवसाला साठ पेशंट हाताळते मी. ही दोन कार्टी कोण लागून गेली?" बोलायला काय जातं!

मी एक्स-रे काढते. दिवसभर तोंडात एकच: "श्वास घ्या, धरा, हलू नका... झालं, सोडा." घरीही तेच. पोरांचा धिंगाणा हाताबाहेर गेला की मी ओरडते, "फोटो!" दोघं जागच्या जागी ताठ. मी "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. हललात तर फोटो परत काढणार. कधी मी मुद्दाम हाक मारून फसवते. ओ दिली की बाद. गुंड्या सहा वर्षांचा, तो आता लबाडी करतो. चार वर्षांच्या बबडीला मात्र नियम म्हणजे नियम.

त्या प्रदर्शनातले डायनासोर समोर कोणी हललं की जागे होतात, मान वळवून गुरकावतात. एका दालनात अंड्यांची गुहा होती. पोरांनी रांगत शिरायचं आणि पलीकडून पुढच्या दालनात निघायचं. बबडी हौसेने आत गेली, आणि तिथल्या यंत्राने अशी काही डरकाळी फोडली की ती किंचाळत हातपाय झाडायला लागली. डोकं आपटून घेईल म्हणून मी गुहेच्या तोंडाशी वाकून ओरडले, "बबडी, फोटो!" लगेच चिडीचूप.

तेवढ्यात गुंड्या कठडा ओलांडून एका धुडाच्या शेपटीवर चढलेला दिसला. धावले, त्याला खाली ओढला, पाठीत धपाटा घातला. परत आले तर गुहेत काळोख.

"बबडी! अगं बबडे!" उत्तर नाही.

दारावरचा रखवालदार म्हणाला, "ताई, आत कोणी हललं की दिवा लागतो. अंधार आहे म्हणजे गुहा रिकामी. पलीकडून गेली असेल बघा."

गुंड्याचं मनगट धरून पुढचं दालन, त्याच्या पुढचं, खेळण्यांचं दुकान, बायकांचं स्वच्छतागृह, एकेक दार ढकलून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी ते मेले डायनासोर मला बघून गुरकावत होते. रखवालदाराने विचारलं, "फ्रॉक कुठल्या रंगाचा?" आणि मला आठवेना! पेशंटचा डावा-उजवा हात कधी चुकत नाही माझा, आणि सकाळी स्वतःच्या हाताने घातलेला फ्रॉक आठवेना. नवऱ्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते?

भोंग्यावरून दोनदा पुकारलं. वीस मिनिटं झाली. मुख्य दारातून लोक बाहेर पडत होते, आणि त्यातला कोणीही माझी पोर उचलून नेऊ शकत होता. मी तिथेच रडायला लागले.

गुंड्याने माझी ओढणी ओढली. "आई, तू तिला 'झालं' म्हणालीस का?"

मी जी धूम ठोकली ती थेट गुहेपाशी. रांगत आत शिरले, माझ्या हालचालीने दिवा लागला, ते यंत्र कानाशी गरजलं.

दोन अंड्यांच्या मधे बबडी ताठ उभी होती. हात अंगाला चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, पिवळा फ्रॉक खाली ओला झालेला. मला बघूनही ती हलली नाही.

"झालं," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "झालं गं बाळा. सोड."

तिने श्वास सोडला आणि माझ्या अंगावर कोसळली. हुंदके देत देत विचारते, "मी हलले नाही ना, आई? परत नाही ना काढायचा?"

"नाही गं," मी म्हटलं. "परत कध्धी नाही."