उलटा डबल

कंपनीत असताना सुरेंद्र आणि ज्योतीराम दिवसभर भांडायचे आणि जेवणाच्या सुट्टीत ब्रिजला पार्टनर म्हणून बसायचे. ज्योतीराम प्रॉडक्शनला, सुरेंद्र क्वालिटीला. एकाने माल काढायचा आणि दुसऱ्याने तो अडवायचा, तेव्हा भांडणाला मुहूर्त लागतच नसे. पण चाकणच्या त्या कँटीनमध्ये डबे संपले की पत्ते निघत, आणि भोंगा होईपर्यंत या दोघांसारखी जोडी अख्ख्या प्लांटमध्ये नसे.

आता दोघेही रिटायर झालेत, पिंपळे सौदागरला एकाच सोसायटीत राहतात आणि रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये खेळतात. भांडण मात्र राहिलेलं नाही. ज्योतीराम हल्ली कुठल्याही गोष्टीला "असेल बाबा" म्हणतो, आणि सुरेंद्रला ते फार लागतं.

त्या रविवारी सुरेंद्र त्याला बोलवायला गेला तेव्हा कौशल्याबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"भाऊजी, परवा हे भाजी आणायला गेले ते कोकणे चौकात नुस्ते उभे. घर कुठल्या अंगाला तेच सुचेना. वॉचमननं आणून सोडलं." त्यांनी आत एक नजर टाकली. "पत्त्यात बसले की पयल्यासारखे असतात. ते सुटलं तर खुर्चीत बसून राहतील, बघा."

लिफ्टमध्ये ज्योतीराम स्वतःच म्हणाला, "तिनं सांगितलंच असंल. हे बघ राव, मी ठरवलंय. आज पत्त्यात चुकलो तर उद्यापासून बंद. लोकांचा डाव कशाला नासवायचा?"

सुरेंद्र म्हणाला, "बघू रे." दुसरं काय म्हणणार? मागच्या रविवारी ज्योतीरामने हातात इस्पिक असताना नाही म्हणून हुकूम मारला होता. असली चूक तो शिकाऊ असतानाही कधी करत नव्हता.

समोर नेहमीचीच जोडी होती. चारुलताबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि पानंही तशीच खेळायच्या, मोजूनमापून. त्यांचे पार्टनर बुद्धरत्न बँकेतून निवृत्त झालेले, बोलीपुरतंच तोंड उघडणारे.

दोन-चार डाव बरे गेले. मग बुद्धरत्नांनी चौकटची बोली लावली, चारुलताबाईंनी इस्पिकची, आणि चढत चढत बाई थेट सहा इस्पिकवर जाऊन बसल्या. म्हणजे स्लॅम. इस्पिक हुकूम, आणि तेरापैकी बारा हात करायचे, एकच सोडायचा. सुरेंद्र पास, बुद्धरत्न पास. आता ज्योतीरामही पास म्हणणार म्हणून सुरेंद्रने पानं सारखी केली.

"डबल," ज्योतीराम म्हणाला, म्हणजे बाईंचा डाव बुडणार अशी पैजच, आणि रीतीप्रमाणे त्याने नजर टेबलावर खाली लावली.

पहिली उतारी सुरेंद्रची होती. डमीची, म्हणजे बाईंचे पार्टनर बुद्धरत्न यांची, पानं टेबलावर उघडायच्या आधी, आंधळेपणाने टाकायचं ते एक पान. त्याच्या हातात किल्वरचे राजा, राणी, गुलाम होते. किल्वरची बोली कोणीच लावलेली नव्हती. लहान मूलसुद्धा राजा उतरलं असतं.

पण तो डबल होता ना. स्लॅमवरचा डबल म्हणजे उलटा डबल, हे त्यांचं कँटीनमध्ये ठरलेलं. ठरवलंही ज्योतीरामनेच, एका हातात डब्याचं झाकण धरून. पार्टनरने स्लॅमला डबल दिला की सरळ वाटणारी उतारी करायची नाही. डमीने पहिल्यांदा ज्या रंगाची बोली लावली तो रंग उतरायचा. कारण त्या रंगाचं एकही पान पार्टनरकडे नसतं, आणि पहिल्याच हाताला तो हुकूम मारतो. इथे डमीचा पहिला रंग चौकट. सुरेंद्रकडे चौकटची पाच भुक्कड पानं होती. मग ज्योतीरामकडे एकही नसणं सहज शक्य होतं.

सगळं जुळत होतं, आणि तरीही सुरेंद्रचा हात पुढे होईना. ज्योतीरामला हे आठवत असेल का? की एक्का-बिक्का हातात आला म्हणून भाबडेपणाने डबल म्हणून गेला? तसं असेल तर चौकट उतरणं म्हणजे बाईंना डाव ताटात वाढून देणं. मग चूक ज्योतीरामच्या नावावर जाणार आणि उद्यापासून पत्ते बंद. किल्वरचा राजा टाकला तर निदान त्याच्यावर काही येणार नाही, असं सुरेंद्रने स्वतःला समजावलं.

खरं सांगायचं तर समजावणी नंतरची. निर्णय आधीच झाला होता. क्वालिटीत एक नियम असतो. मोजायचं गेज एकदा हातातून पडलं की त्याला लाल टॅग लावायचा. तपासून येईपर्यंत त्याचं कुठलंही माप धरायचं नाही, ते बरोबर दाखवत असलं तरीही. सुरेंद्रने आयुष्यभर हा नियम पाळला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याने किल्वरचा राजा टाकला.

चारुलताबाईंनी डमीतल्या एक्क्याने हात घेतला, सगळ्यांकडचे हुकूम काढून घेतले आणि चौकटचा एक्का लावला. ज्योतीरामने त्यावर किल्वरची तिर्री टाकली. त्याच्याकडे चौकट नव्हती. एकही नव्हती. पहिल्या हाताला हुकूम, लगेच त्याच्याच हातातला बदामचा एक्का, आणि स्लॅम तिथेच आडवा झाला असता. त्या एक्क्याचा हात ज्योतीरामला शेवटी मिळाला खरा, पण तोवर बाईंचे बारा हात पुरे होत आले होते.

पानं गोळा करायच्या ऐवजी ज्योतीराम तसाच बसून राहिला.

"राव," तो हळूच म्हणाला, "आपल्यात त्या डबलचा अर्थ काय होता? मला वाटलं, डमीचा पयला रंग. मधी कधी बदलला का आपण?"

तो टोमणा मारत नव्हता. तो खरोखर विचारत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते सुरेंद्रला बघवेना. कोकणे चौकात तो असाच उभा असणार.

लक्ष नव्हतं माझं, असं म्हटलं असतं तर दोघांचीही झाकली मूठ राहिली असती. पण सुरेंद्रचं लक्ष नव्हतं, हे ज्योतीरामला तरी पटलं असतं का? केसाएवढा फरक पकडणाऱ्या सुरेंद्रशी ज्योतीरामने उभा जन्म भांडण केलेलं. त्याने ती दया समजली असती, आणि घरी जाऊन खुर्चीत बसला असता.

"बदलला नाही," सुरेंद्र म्हणाला. "अर्थ तोच आहे. तुझं बरोबर होतं. मला कळलं होतं, तरी मी चौकट टाकली नाही."

"का बरं?"

"वाटलं, तू विसरला असशील."

बुद्धरत्न आपल्या चष्म्याची काच पुसू लागले. ज्योतीरामने मान वर केली.

"म्हणजे लाल टॅग लावलास मला."

"लावला."

"न तपासता."

"तपासायला एक पान पुरलं असतं. तेवढंही टाकलं नाही मी." सुरेंद्रला लाज वाटत होती आणि ती लपवायची इच्छाही उरली नव्हती. ज्योतीरामने आता पूर्वीसारखं ओरडावं, टेबलावर हात आपटावा, असं त्याला मनापासून वाटलं.

पण ज्योतीराम खुर्चीला टेकला आणि त्याने मोठा श्वास सोडला. डोळे पाणावले होते, आणि तो चक्क हसत होता.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "बाई, ऐकलंत ना? चुकला तो. मी न्हाई."

"ऐकलं," चारुलताबाई म्हणाल्या. "पिसा आता. वाटप तुमचं आहे."

ज्योतीरामने गड्डी ओढली आणि कँटीनमधल्यासारखी फर्रकन पिसली.

"घरी गेल्यावर कौशल्याला सांगायचं, आज कोण चुकलं ते," तो पानं वाटता वाटता म्हणाला. "तुझ्या तोंडानं. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई."

"सांगतो," सुरेंद्र म्हणाला, आणि त्याने आपली पानं उचलली.