जाते म्हणायचं नाही

नागुबाईच्या घरात ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. पाण्याला निघा, नाहीतर रोजगाराला निघा, उंबरठ्यावर ‘येते’च म्हणायचं. तसं सगळेच म्हणतात, पण नागुबाईचा कडकपणा वेगळाच. एकदा शेजारची सुमनबाई ‘जाते गं’ म्हणून उठली, तर हिनं तिला हाताला धरून परत बसवलं, पाणी पाजलं आणि ‘येते’ म्हणवून घेतल्यावरच सोडलं.

तिचा नवरा बहात्तरच्या दुष्काळात काम शोधायला बिलोलीहून हैदराबादला गेला, तो आलाच नाही. ना सांगावा, ना पत्ता. लेक भामा तेव्हा लहान होती. बाप चिडून ‘जातो’ म्हणाला असणार आणि माय तो एक शब्द धरून बसली असणार, असं भामानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

आता लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या आणि भामाला तिथं टायपिस्टची नोकरी लागली. घरातली पहिली सरकारी नोकरी. इंग्रजी कच्चं, म्हणून व्यंकटराव मास्तरांनी वाक्यं पाठ करायला दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी ती मोठ्यानं घोकत बसली, “आय ॲम गोइंग अवे.”

“म्हंजे काय गं?” चुलीपासून नागुबाईनं विचारलं.

थाप मारता आली असती. पण मास्तरांनी नीट समजावलं होतं. नुसतं ‘गो’ कुठंही चालतं, बाजाराला, शाळेला. ‘गो अवे’ म्हणायला मात्र मागं कुणीतरी राहावं लागतं. त्याच्यापासून लांब जायचं असतं.

“तुला सोडून लांब चालले, असं,” भामा म्हणाली.

“आन् परत येनं?”

“ते त्यात न्हाई, माय. त्याला ‘कम बॅक’ असा निराळा शब्द हाय.”

नागुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. शुभ बोल रे नाऱ्या, तर आपण हे असलं बोललो! माय आता काही सोडत नाही, नोकरी बुडाली, असं भामाला वाटलं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

सकाळी नागुबाईनं भाकरी बांधून दिली, ट्रंक स्वतः उचलून स्टँडपर्यंत आणली. लातूरची एसटी लागली. भामा पायरीवर चढली आणि मायला बरं वाटावं म्हणून मुद्दाम म्हणाली, “येते, माय.”

“म्हनू नको.”

भामा थबकली.

“तुझा बाप बी येतोच म्हनला व्हता. हसत म्हनला. कवा, ते म्या इचारलं न्हाई. येतो म्हनल्यावर काय इचारायचं?” नागुबाईनं ट्रंक पायरीवर टेकवली. “तवापासून समद्यांला म्हनायला लावते. म्हनलेलं खरं व्हतं, ह्ये मला बघायचं असतं.”

इतकी वर्षं तिनं बापाला उगाच रागीट ठरवलं होतं आणि मायला खुळी. कंडक्टरनं घंटी मारली.

“कवा येनार, ते सांग.”

“पहिला पगार झाला की, त्या रविवारी. सकाळच्या गाडीनं.”

“नक्की?”

“नक्की.”

नागुबाईनं ट्रंक आत सरकवली.

“मग जा,” ती म्हणाली.