सी जल्लूलचे तीन थेंब

त्या मंगळवारच्या बाजारात कांदेवाल्यासमोर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव कोपऱ्यातल्या रिंगणात लोटलेलं. मधोमध हिरवा फेटा बांधलेला फिरता वैदू सी जल्लूल (सी म्हणजे आमच्यात 'राव', बायकांना 'लाल्ला'), आणि त्याच्यापुढे पाण्यानं भरलेले काचेचे ग्लास.

"फुंका!" तो गरजला. "रक्तातलं, हाडातलं, सासूच्या जिभेवरचं, सगळं विष या पाण्यात फुंका!"

माझा थोरला भाऊ बासू लंगडत पुढे झाला आणि नळी तोंडात धरून त्यानं पाण्यात फुंकलं. सी जल्लूलनं बोरूच्या काडीनं ते ढवळलं. बघता बघता पाणी तपकिरी झालं. बायका किंचाळल्या. मग त्यानं कुपीतले तीन थेंब टाकले, पुन्हा ढवळलं, आणि काय सांगू, पाणी पहिल्यासारखं नितळ! वर झातरचा वास असा सुटला की नाक भरून गेलं.

"तुमच्याच डोंगरावरच्या झातरचं तेल!" एक कागद फडकवत तो म्हणाला. "शहरातल्या प्रयोगशाळेचा शिक्का आहे. जंतू मारतं, विष खातं. रोज तीन थेंब, सात मंगळवार. सुया, गोळ्या फेकून द्या!"

कागद खरा होता, आमचाच होता. झातर म्हणजे आमच्या खडकांवर उगवणारं झुडूप, वास थेट ओव्यासारखा. आम्ही चाळीस बायका मिळून त्याचं तेल काढतो, आणि त्या भट्टीपाशी मी, तुडा, बावीस वर्षं घाम गाळतेय. गेल्या साली आम्ही तेल तपासायला पाठवलं, तेव्हा उत्तर आलं की ताटलीत वाढवलेले जंतू यानं मरतात आणि चरबी लवकर खवट होत नाही. तो कागद आम्ही दुकानात चौकट करून टांगला. त्याचीच नक्कल या बहाद्दरानं पैदा केली होती. आपल्या डोंगराचं कौतुक ऐकून कोणाची मान ताठ होणार नाही? मीही टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू?

बासूला सात वर्षांचा मधुमेह, पायाच्या करंगळीला जखम. कुपी विकत घेऊन घरी येताच त्यानं इन्सुलिन कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरून टाकलं आणि जखमेवर ते तीन थेंब रोज सोडायला लागला. रविवारपर्यंत पाऊल भोपळ्यासारखं सुजलं.

दवाखान्यातल्या नर्स नुझानं पट्टी सोडून बघितली आणि तिचा चेहराच उतरला. "लाल्ला तुडा, याला लगेच शहरात न्या. उशीर झाला तर पाय कापावा लागेल."

"सात मंगळवार झाल्याशिवाय मी हलणार नाही," बासू म्हणाला. "विष बाहेर येतंय, म्हणून सूज आहे."

"दादा, अक्कल बाहेर येतेय तुझी!" मी ओरडले. पण तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी रडतच भट्टीवर गेले, कारण हंडा चढलेला होता आणि तो काही माझ्या भावासाठी थांबणार नव्हता.

हंड्याची वाफ थंड होऊन बरणीत ठिबकत होती. खाली पाणी, वर तेलाची पिवळी साय. मी नेहमीसारखी ती साय काढायला गेले आणि हात तसाच राहिला. अगं बाई! तेल तरंगतं. मग त्या मेल्याचे थेंब पाण्यात विरघळले कसे? बावीस वर्षं रोज हेच पाहणारी मी, आणि बाजारात उभ्या आम्ही चाळीसजणी, एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. आधी शरम वाटली, मग असा संताप आला की विचारू नका.

धावत नुझाकडे गेले. तिनं ऐकलं आणि हसत कपाट उघडलं. "जखमेला लावतो ते आयोडीन काडीला आधीच चोपडलेलं असणार, म्हणून पाणी तपकिरी. आणि कुपीत ही," तिनं पांढरी गोळी दाखवली, "क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवलेली. ती आयोडीनचा रंग घालवते. वास यायला बुचाला थोडं झातर चोळलं की झालं."

"मग आपल्या तेलाचा कागद खोटा?"

"कागद खराच. तुमची आई लोणी झातरच्या पाण्यात धुवायची ना, टिकावं म्हणून? तोच गुण. पण लोण्याची बरणी वेगळी आणि माणसाचं रक्त वेगळं. ताटलीत जंतू मेले म्हणजे मधुमेह बरा झाला असं नाही. आणि कुपीत खरं तेल असतं, तरी उघड्या जखमेवर निव्वळ ओतून कातडीच जळली असती."

मंगळवारी बासूला गाढवावर बसवून मी रिंगणात आणलं. त्याला वाटलं, दुसरा मंगळवार पुरा करायला चाललोय.

"सी जल्लूल," मी म्हटलं, "या ग्लासात कोणी फुंकलेलं नाही. ढवळा बरं."

"अश्रद्ध बाईची सावली पडली की पाणी बिघडतं!"

"मग मी उन्हात सरकते. ढवळा!"

लोक ओरडायला लागले, "ढवळ की रे!" त्यानं टाळाटाळ केली, तशी मी काडी हिसकावून स्वतःच ढवळलं. पाणी तपकिरी!

"आता हे विष कोणाचं? विहिरीला मधुमेह झालाय का?"

हशा पिकला. मी माझ्या बाटलीतलं खरं तेल टाकलं. थेंब वर तरंगत राहिले, पाणी तपकिरी ते तपकिरीच. मग नुझानं दिलेलं गोळीचं पाणी टाकलं आणि ढवळलं. नितळ!

"बायांनो, आपलं तेल कधी पाण्यात विरघळलेलं बघितलंय का?"

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं, आपण काय आंधळ्या होतो का?" तेवढ्यात सी जल्लूल फेटा सावरत जो सटकला, तो कुपी तिथेच टाकून.

गाढवावरून वाकून बासू म्हणाला, "तुडा, खुराड्यामागचं ते औषध अजून चालेल?"

"नाही रे दादा. नुझानं नवं आणलंय. चल, गाडी उभी आहे."

पाय वाचला. करंगळी मात्र गेली.

आता दर मंगळवारी त्या रिंगणात बासूच उभा असतो. "फुंका!" म्हणून गरजतो, पाणी तपकिरी करतो, नितळ करतो, लोक तोंडात बोट घालतात. मग तो काडी दाखवतो, गोळी दाखवतो, आणि शेवटी चप्पल काढतो.

"मोजा," तो म्हणतो. "चार आहेत. तेल तरंगतं की विरघळतं, एवढंच विचारायचं होतं मला. विचारलं असतं तर पाच असती. तुम्ही विचारा, बाबांनो. देवमाणूस असो नाहीतर शिक्क्याचा कागद, आधी विचारा. आणि सुई चुकवू नका."