बाईंची मुलगी

घरी आई, तीच वर्गात बाई, अशी बिट्टीची दुहेरी पंचाईत होती. चूक झाली की दोन्हीकडून खरडपट्टी. त्यात तिला एक खोड लागली होती. धडा वाचता वाचता ती मध्येच थांबायची, कुठेतरी एकटक बघत ओठ चघळल्यासारखे हलवायची, फ्रॉकच्या बटणाशी चाळा करत राहायची. हाक मारली तरी ओ नाही. भानावर आल्यावर तिला ओळच सापडायची नाही. पोरं फिदीफिदी हसायची.

बाईंना धास्ती एकच, की लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीला डोक्यावर चढवून ठेवलंय. एकदा त्यांनी तिला वर्गासमोर उभं केलं.

"म्हण, मी पुन्हा मुद्दाम असं करणार नाही."

बिट्टीनं मान खाली घालून म्हटलं.

पुढे ती खेळाच्या तासाला मैदानात कोसळली, हातपाय झटकू लागली. तेव्हा कुठे दवाखाना आणि तपासण्या झाल्या.

मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआयचं चित्र पडद्यावर लावलं. "बाकी सगळीकडे मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांमधली कड कशी स्वच्छ दिसतेय बघा. इथेच ती पुसट आहे. तुमच्या पोटात असतानाच मेंदूचा एवढासा भाग नीट घडला नाही. मेंदूतल्या लहरींच्या तपासणीत, ईईजीतही झटके इथूनच सुरू होताना दिसतात. ती वाचताना हरवते ना, तीसुद्धा फिटच."

"म्हणजे मी हाक मारायचे तेव्हा..."

"तिला काही कळतच नसणार."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बिट्टी खुर्चीच्या टोकावर येऊन ते चित्र निरखत होती.

"मग मी मुद्दाम नव्हते करत?"

"छे गं! कोण म्हणालं तुला?"

बिट्टीनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही. मलाच वाटायचं."

एवढीशी पोर आपल्याला पाठीशी घालतेय, हे बाईंच्या वर्मी लागलं.

"मी म्हणाले," त्या कशाबशा बोलल्या. "वर्गासमोर वदवून घेतलं तिच्याकडून."

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. "पुष्कळांचा असा गैरसमज होतो. आता औषध सुरू करू. त्यानं नाही भागलं, तर ऑपरेशनचा विचार करता येईल. जागा सापडलीय, हे बरं झालं."

बिट्टी शाळेत परतली त्या दिवशी बाईंनी हजेरीआधीच सांगून टाकलं, "बिट्टी आजारी होती. ती मुद्दाम काही करत नव्हती. मी तिला नको ते बोलायला लावलं. चूक माझी होती."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग बाई, आता तुम्हाला कोण रागावणार?"

सगळे हसले. बिट्टीही खळखळून हसली. बाईंनी मात्र पाठ वळवून फळा पुसायला घेतला.

औषधानं झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं. बिट्टी आता रोज संध्याकाळी आईला धडा वाचून दाखवते. मध्येच हरवली, तर आई तिच्या पाठीवर हात ठेवून शांत बसते. ती भानावर येऊन हसते, तेव्हा आईला तिच्या नजरेला नजर देता येत नाही.